प्राध्यापक, तुमचं चित्र काढा!

एखाद्या प्राध्यापकाला विचारा, ‘तुम्ही कसं शिकवता?’ उत्तर तयार असतं. विद्यार्थीकेंद्री अध्यापन, सर्वांगीण विकास, जिज्ञासा जागी करणं वगैरे वगैरे. हे शब्द खोटे असतात असं नाही; पण वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झालेत की, बोलणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं त्यांत सापडत नाही. म्हणून काही अभ्यासकांनी वेगळी वाट धरली. प्रश्न तोच, पण उत्तर शब्दांत द्यायचं नाही. कोरा कागद घ्या आणि शिक्षक म्हणून स्वतःचं चित्र काढा. काडीची माणसं काढलीत तरी चालेल.

या कल्पनेची मुळं शाळेतल्या मुलांपर्यंत जातात. डेव्हिड वेड चेंबर्स या अभ्यासकाने १९६६ ते १९७७ या काळात ४,८०७ मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं. १९८३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पांढरा कोट, चष्मा, दाढी, काचेची भांडी असा ठरीव शास्त्रज्ञ मुलांच्या मनात घर करून बसलेला होता. एवढ्या चित्रांत स्त्री शास्त्रज्ञ होत्या फक्त २८ आणि त्या सगळ्या मुलींनीच काढलेल्या. पुढे १९९५ मध्ये कॅनडातल्या सँड्रा वेबर आणि क्लॉडिया मिचेल यांनी शिक्षकाच्या प्रतिमेवर पुस्तक लिहिलं. त्यातही चित्रं होती; मुलांनी काढलेली, तशीच शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी काढलेली. नव्या पद्धती शिकणारे विद्यार्थी-शिक्षकही फळ्यापाशी उभी असलेली तीच जुनी आकृती काढत होते.

विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बाबतीत हा प्रयोग अधिक मोलाचा आहे, असं मला वाटतं. शाळेत शिकवायचं तर आपल्याकडे डी.एड., बी.एड. लागतं. महाविद्यालयात नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते, म्हणजे परीक्षा होते ती प्रामुख्याने विषयाची. शिकवायचं कसं, हे बहुतेक जण आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे पाहून उचलतात. ‘मी इतिहासाचा अभ्यासक’, ‘मी रसायनशास्त्राचा’, अशी ओळख आधी येते. ‘मी शिक्षक’ ही ओळख मागे कुठेतरी उभी असते. ती नेमकी कशी दिसते, हे त्यांनी स्वतःही कधी पाहिलेलं नसतं.

मग चित्रात पाहायचं काय? रेषा सुबक आहेत की नाहीत, हे नाही. शिक्षक केवढा आहे आणि विद्यार्थी केवढे? विद्यार्थ्यांना चेहरे आहेत, की नुसते गोल? बाण काढले असतील तर ते एकाच दिशेने जातात, की परतही येतात? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, विद्यार्थी चित्रात आहेत का? केवळ पुस्तकं, संगणक आणि टेबलामागे एकटी बसलेली व्यक्ती, असं चित्र निघालं तर तेही बरंच काही सांगून जातं.

काही जण वर्गाऐवजी रूपक काढतील. माळी, नावाडी, कुंभार. प्रत्येक रूपकात शिक्षकाबरोबर विद्यार्थ्याचीही जागा ठरून जाते. माळ्याचं रोप स्वतःच्या बळावर वाढतं. नावेतला प्रवासी पैलतीरी पोचतो, पण वल्हं त्याच्या हाती येत नाही. आणि कुंभाराच्या चित्रात विद्यार्थी माती होतो. मातीला प्रश्न विचारता येत नाहीत.

डेव्हिड केंबर यांनी १९९७ मध्ये, विद्यापीठातले अध्यापक अध्यापनाकडे कसे पाहतात यावरच्या १३ अभ्यासांचा आढावा घेतला. एका टोकाला ‘माहिती पोचवणं’, दुसऱ्या टोकाला ‘विद्यार्थ्याच्या विचारात बदल घडवणं’ आणि मधे काही पायऱ्या, अशी मांडणी त्यांनी केली. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे व्याख्यानातून झाकता येतं. चित्रात ते झाकणं थोडं अवघड जातं.

मात्र एक सावधगिरी हवी. फळा काढला म्हणून माणूस जुनाट ठरत नाही. ‘शिक्षक’ दाखवण्याची ती सर्वांत सोपी खूण असते. म्हणून चित्राचा अर्थ पाहणाऱ्याने लावायचा नाही, काढणाऱ्याने सांगायचा. चित्र हे संभाषणाचं निमित्त, निकालपत्र नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या कामाला ‘एपीआय’चे गुण लावले, तेव्हा गुणांसाठी कागद जमवण्याची कशी धांदल उडाली, हे अनेकांना आठवत असेल. चित्रंही फायलीत गेली, तर उद्या सगळेच हसऱ्या विद्यार्थ्यांचं रिंगण काढतील आणि प्रयोग तिथेच संपेल. कागदावर नाव नको, गुण नकोत. चारचौघा सहकाऱ्यांनी मोकळेपणाने बोलावं, एवढंच.

प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गात यासाठी एक तास सहज काढता येईल. आणि धैर्य असेल तर पुढचं पाऊलही टाकावं. त्याच प्राध्यापकाचं, त्याच वर्गाचं चित्र विद्यार्थ्यांनाही काढू द्यावं. मग दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवावेत. त्यांच्यात जेवढं अंतर दिसेल, तेवढं काम बाकी आहे असं समजावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)