पांढरीवरचे संग्रहालय



 आसेगाव ज्या वाशीम जिल्ह्यात आहे, तो 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणून कागदावर त्याचे वय लहान. पण वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचणारा राजा होता. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरून घेतले. या घराण्याचे चित्र स्पष्ट झाले ते 1939 साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला तेव्हा. काही मजकूर संस्कृत, काही प्राकृत असलेल्या त्या पत्र्यांनी अभ्यासकांना वाकाटकांचा इतिहास पुन्हा मांडायला लावला. गावात, घरात, शेतात राहिलेल्या एखाद्या वस्तूचे मोल किती असते, हे या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही.

गावाचे संग्रहालय गावाला शोभेल असे कसे बांधावे, या प्रश्नासाठी ही परिषद भरली आहे. त्याचे निम्मे उत्तर दोन जुन्या शब्दांत आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, शेणसारवण यांचे थर साचून वस्तीची जमीन फिकट होते. म्हणून तर पुरातत्त्वाचे लोक गावात आले की ‘पांढरीचे टेकाड कुठे आहे’ असे विचारतात. गावाच्या पायाखालीच त्याचे पहिले संग्रहालय असते.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवर टेकवलेली भिंत दोन-चार वर्षांत तडकते. म्हणून वऱ्हाडातला जुना गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खोदत असे. जाड मातीच्या भिंती, धाब्याचे छत, पुढे ओसरी आणि मागे परसू अशी घराची बांधणी ठरली ती वैशाखातल्या उन्हामुळे. जाड भिंत तापायला वेळ घेते, त्यामुळे दुपार बरीच सुसह्य होते. याच मुलखात काचेच्या दर्शनी भिंतीची आणि पत्र्याच्या छताची इमारत उभारली, तर दुपारी माणूसही तिथे थांबणार नाही आणि जुने लुगडेही टिकणार नाही. कापड आणि कागद यांच्यावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा संग्रहालयशास्त्राचा सर्वमान्य दंडक आहे. लहान खिडकीचे, जाड भिंतीचे वऱ्हाडी माजघर त्या दंडकाच्या बरेच जवळ जाते.

विदर्भात अशा बांधणीचे धडे आहेत. सेवाग्रामच्या कुट्या 1936 पासून माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांत उभ्या राहिल्या. आज देशभरातून माणसे बापू कुटीत येतात, जोडे बाहेर काढून सारवलेल्या जमिनीवर बसतात आणि चटई, लिहिण्याचे बैठे मेज पाहतात. तिथे वस्तू आणि वास्तू वेगळ्या काढताच येत नाहीत. जवळच वर्ध्याला 1938 साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले, तेही ग्रामोद्योगांसाठी. चालू असलेल्या कामाचेही संग्रहालय होऊ शकते, ही दृष्टी त्याने दिली.

मराठवाड्यातले तेर तर खेड्याच्या संग्रहालयाचा वस्तुपाठ आहे. संत गोरोबाकाकांचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे व्यापारी शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो. या गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात आणि टेकाडांवर सापडणाऱ्या मणी, मृण्मूर्ती, नाणी अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातूनच आजचे शासकीय संग्रहालय घडले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई इथे 1938 साली मिळालेल्या मूर्तीच्या नात्यातली आहे. तेरला येणारा माणूस ती मूर्ती पाहतो आणि थोडे चालून तेरणेच्या काठी, त्रिविक्रमाच्या विटांच्या प्राचीन मंदिरापाशी जातो. दालनातली वस्तू आणि बाहेरचे गाव एकमेकांना साक्ष देतात.

आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याची इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची आहे. सेवालाल महाराजांच्या समाधीस्थळी देशभरातून भाविक येतात, तिथे भव्य वास्तू हवीच, आणि ती त्या समाजाच्या वाद्याच्या रूपात आहे हे फार मोलाचे. मात्र लहान गावाने तिची नक्कल करू नये. पोहरादेवीने आपली खूण शोधली, तशी प्रत्येक गावाने आपली शोधावी.

आसेगावच्या परिसराची खूण कोणती? गोठ्याच्या आढ्याला टांगलेली तिफन पाहावी. वर लाकडी चाडे, त्याला तीन भोके, त्यांतून खाली गेलेले बांबूचे तीन नळे आणि तळाशी तीन दाते. पेरणारी बाई तिफनीमागून चालत मुठीतून दाणे सोडते. तीन भोकांत ते सारखे पडले पाहिजेत, नाहीतर उगवण विरळ होते. बाजूला सरते बांधून तुरीची ओळ वेगळी पेरायची. वर्षानुवर्षे हात घासून चाड्याची कड गुळगुळीत होते. तिथे बोट फिरवले की पेरणाऱ्या बाईचे कसब कळते. हेच चाडे काचेच्या पेटीत ठेवून खाली ‘पेरणीचे अवजार’ एवढीच चिठ्ठी लावली, तर ते मुके होईल. तिफन हाताच्या उंचीवर मांडावी, शेजारी टोपल्यात ज्वारी ठेवावी आणि शाळेतल्या मुलीला मूठ सोडून पाहू द्यावी. बंजारा बायकांची नाजूक कांचळी आणि फेटिया मंद उजेडात, पेटीत राहोत; जाते, उखळ, वखर, डवरे यांना हात लागू द्यावा.

सोयाबीन आणि ट्रॅक्टर आल्यापासून या वस्तू झपाट्याने चुलीत आणि भंगारात चालल्या आहेत. कणगी विणणारे हात थकले आहेत. वस्तू जाते तेव्हा तिच्याबरोबर जू, शिवळ, सरते, चाडे हे शब्दही जातात.

संग्रहालयाचे वेळापत्रकही आराखड्याचाच भाग आहे. अकरा ते पाच उघडे राहणारे दालन शेतकऱ्यासाठी बंदच असते. ते संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी उघडे हवे. पोळ्याला त्याच्या अंगणात झुली आणि घुंगरमाळा मांडाव्यात, मृगाच्या तोंडावर तिफन बाहेर काढावी. ओसरी रुंद ठेवावी, म्हणजे म्हातारी माणसे तिथे बसतील. तीच या संग्रहालयाची मार्गदर्शक. जमिनीत सापडलेल्या प्राचीन वस्तूंची माहिती मात्र जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. 1878 चा निखात निधी कायदा आणि 1972 चा पुरावशेष कायदा गावालाही लागू आहेत.

म्हणून स्वागत समितीचे मत स्पष्ट आहे: विटा आणण्याआधी वही आणावी. प्रत्येक वस्तूचे गावातले नाव, ती कोणी घडवली, कोणी वापरली, कशी धरली, एवढे लिहून झाले की दालन किती मोठे आणि ओसरी किती रुंद हे आपोआप ठरेल. आलेल्या पाहुण्यांनी या मुक्कामात निदान एका घरी जावे, ओसरीवर बसावे, गोठ्यातली एक वस्तू खाली उतरवून घ्यावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून तिची नोंद करावी. वह्या आणि पेन्सिली मंडपाच्या दाराशी ठेवल्या आहेत. आसेगावची घरे आपली वाट पाहत आहेत.