दूरस्थाची चिकित्सा



आषाढ लागला आणि कडवी नदी दुथडी वाहू लागली म्हणजे पलीकडच्या वाड्यांचा मलकापुराशी संबंध तुटावा, आंब्याच्या घाटात दोन हातांवरचे दिसू नये, आणि अशा दिवसांत आजाऱ्याला डोलीत घालून वैद्याच्या दारी नेणे हे मूळ दुखण्याहून जड व्हावे, असा ज्या मुलखाचा पूर्वापार अनुभव आहे, त्या शाहूवाडीच्या मुलखात भरलेल्या या वैद्यसंमेलनाचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो गौरव केलात, त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून मी पत्राने दिलेल्या वैद्यकीय सल्ल्याच्या विषयाकडे वळतो.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही आपल्या शास्त्राने सांगितलेली त्रिविध परीक्षा. योगरत्नाकराने तिचा विस्तार करून नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, नेत्र आणि आकृती अशी आठ स्थाने नेमून दिली. रोगी वीस कोसांवर असला की त्रिविध परीक्षेची पहिली दोन द्वारे बंद होतात आणि उरतो तो केवळ प्रश्न, तोही उत्तरास काही दिवस लावणारा. म्हणून पत्ररूप चिकित्सा म्हणजे हीन प्रतीची चिकित्सा, असे आपल्यापैकी अनेकांचे मत असेल. मला ते मान्य नाही. जेथे नाडीवर बोट ठेवता येत नाही, तेथे ज्वर कोणत्या प्रहरी चढतो, अन्नावर वासना आहे की नाही, निद्रा कशी, मागील औषधाने उतार पडला की पीडा वाढली, हे सर्व रोग्याला किंवा त्याच्या घरच्या माणसाला स्वतः पाहून, स्मरून, अक्षरांत उतरवावे लागते. आणि असे लिहिताना तो आपल्या देहाचा साक्षीदार होतो. हे साक्षित्व समोर बसलेल्या रोग्याकडून आपण क्वचितच मागतो, याचा मला खेद वाटतो.

आपल्या इतिहासाकडे पाहू. थोरले माधवराव पेशवे १७७० च्या कर्नाटकाच्या स्वारीत आजारी पडले, मोहीम त्रिंबकराव पेठ्यांच्या स्वाधीन करून पुण्यास परतले, आणि क्षयाने झिजत १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरातून जो 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापून काढला, त्यात या दुखण्याची वार्ता राजकारणाच्या मजकुरातच आढळते. ही पत्रे लिहिणारा कारकून वैद्य नव्हता, पण धन्याच्या श्वासावर दौलतीचे भवितव्य अवलंबून असल्यामुळे प्रकृतीचे वर्तमान वेळच्या वेळी कळविणे त्याला भाग होते. असा लेखक आणि असा जासूद सामान्य कुणब्याच्या पोटशुळाला कोठून मिळणार?

ते टपालाने दिले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे कार्ड निघाले, आणि त्याआधी दोन वर्षे, १८७७ साली, व्ही. पी. ची सोय झाली होती. म्हणजे दुखणे कार्डावर लिहून पाठवावे आणि औषधाची पुडी मोल देऊन टपालवाल्याकडून सोडवून घ्यावी, असा व्यवहार गरिबालाही शक्य झाला. उघड्या कार्डावरील व्याधी वाटेत कोणीही वाचू शके, हा त्यातील मोठा दोष होता, आणि लाजेकाजेच्या विकारांनी पीडित स्त्रियांना तो विशेष जाचक झाला असला पाहिजे.

युरोपात पत्राने सल्ला देण्याचा हा व्यवहार त्याच्याही आधी फार मोठ्या प्रमाणावर चाले. लोझानचे तिसो, एडिंबरोचे विल्यम कलन या वैद्यांकडे दूरदूरच्या रोग्यांची पत्रे येत. पानिपताचा संहार झाला त्याच १७६१ साली मोर्गान्यी या इटालियन पंडिताने मृतदेहांच्या छेदनातून रोगांची स्थाने दाखविणारा आपला ग्रंथ सत्तर पत्रांच्या रूपाने प्रसिद्ध केला. कलन यांची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जेम्स वॅट याने पत्राची छाप उठविण्याचे यंत्र काढताच १७८१ पासून त्यांनी ते वापरात आणले आणि आपण दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची नक्कल जवळ ठेवली. आपल्याकडे वसुलाच्या कागदाची नक्कल ठेवण्यात कसूर नसे. वैद्यांच्या बाडांत मात्र योग सापडतात, गुंज-माशाचे प्रमाण सापडते, अनुपान सापडते, आणि ते कोणाला, कोणत्या अवस्थेत दिले व पुढे काय झाले, हे बहुधा सापडत नाही.

या उणिवेची किंमत किती, ते पुण्याच्या एका उदाहरणावरून दिसते. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा बैलवाला १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्याजवळील एका कुंभार जातीच्या शल्यज्ञाने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडविले. मुंबई इलाख्याच्या दोघा सर्जनांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. या कर्माचे वर्णन एका पत्रातून लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापले गेले, आणि वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू यांनी त्याच पद्धतीने लंडनमध्ये नाक बसविले. एका पत्राने पुण्याची विद्या समुद्रापार गेली! त्या पत्रात रोग्याचे नाव आहे; ज्याच्या हाताने हे कौशल्य साधले, त्या कुंभाराचे नाव नाही. त्याने स्वतः चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर, हा विचार मला वारंवार अस्वस्थ करतो.

आता पत्राची जागा दूरध्वनीने घेतली आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरस्थ रुग्णाला सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत दृश्य आणि ध्वनी यांच्या जोडीला लेखी संदेशालाही स्थान आहे; रोग्याची ओळख पटवावी, नोंद ठेवावी आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज दिसताच तसे स्पष्ट सांगावे, ही त्यांतील कलमे जुन्या सद्वैद्याला परकी वाटली नसती. तरीही घाईने केलेल्या फोनवर 'दोन दिवस ही गोळी घे' एवढे सांगून आपण मोकळे होतो, तेव्हा ना प्रश्न पुरे होतात, ना नोंद उरते.

१९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकास वैद्यांना एकत्र आणले. त्या परंपरेला स्मरून या सभेपुढे माझी एक सूचना आहे. शाहूवाडी तालुक्यातील जुन्या वैद्यघराण्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेली बाडे आणि रोग्यांची कार्डे असतील, ती घरच्यांच्या संमतीने, वाळवीच्या आधी आपण गाठावीत. मोडी वाचणाऱ्या जाणकारांस सोबत घ्यावे. रोग्यांची नावे गाळून नकला कराव्यात आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत करावेत. पावसाळा सरून वाटा मोकळ्या होताच विशाळगडाच्या बाजूने या कामास आरंभ व्हावा, असा ठराव मी आपल्यापुढे मांडतो.