पडीत रान आणि पट्टा

पांढरकवड्याहून हैदराबादचा रस्ता धरला की पाटणबोरी मागे पडते, पैनगंगेचा पूल लागतो आणि आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. नदीच्या दोन्ही काठांना तीच काळी जमीन, तोच कापूस, आणि कानावर पडते ती पुष्कळदा मराठीच. जैनथच्या देवळात परमार जगद्देवाच्या काळचा शिलालेख आहे. म्हणजे इथली पांढरी निदान नऊशे वर्षांची.

दक्षिणेला चढ लागला की माती बदलते. सातमाळा डोंगर आणि उटनूरचा माळ हा सगळा बरड, दगडगोट्यांचा मुलूख. कडेम नदी कुंटाळ्याला कड्यावरून कोसळून गोदावरीकडे जाते. उत्तरेचं पाणी पैनगंगेला मिळतं. या माळावर राजगोंडांची वस्ती, डोंगरउतारांवर कोलामांची.

गोंड हे नांगर-बैलाचे शेतकरी. पावसाळ्यात ते बरड जमीन पेरत, हिवाळ्यात सखल काळ्या रानात ज्वारी. बरड जमीन दोन-तीन वर्षांत थकते. मग ती पडीत टाकायची, दुसरं रान धरायचं, पहिल्याला ताकद आली की परत यायचं. गरज पडली तर सगळी वस्तीच हलायची. माणसं थोडी आणि रान अफाट, अशा मुलखात याहून शहाणी शेती नाही, असं मला वाटतं.

निजामाच्या राज्यात राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि ही पडीत रानं जंगलात मोजली गेली. रस्ते, रेल्वे आली, तसे बाहेरचे शेतकरी आले. त्यांना दफ्तर कळत होतं. त्यांनी पट्टे करून घेतले. त्यांत पैनगंगेपलीकडून आलेले आपले मराठी लोकही होते, हे आपण मान्य केलं पाहिजे.

या जमिनींसाठी निजामाविरुद्ध उठलेले गोंड पुढारी कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ या भागात आले, मार्लवाईला राहिले. पुढे निजाम सरकारचे सल्लागार म्हणून त्यांनी हजारो गोंड-कोलामांना पट्टे मिळवून दिले. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. एकाच कुळाची घरं दोन राज्यांत वाटली गेली.

आता जंगलात मोजलेल्या रानावर हक्क मिळायला २००६ च्या वनहक्क कायद्यात अट आहे ती १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याची. आळीपाळीने पडीत ठेवलेलं रानही कसणाऱ्याच्या ताब्यातलंच असतं. दावे तपासणाऱ्यांनी ते तसंच मोजलं पाहिजे, नदीच्या दोन्ही बाजूंना.