तांबडा तारा आणि निळा तारा

चैत्रांत रात्रीं साडेआठच्या सुमारास अलिबागच्या पुळणीवर पश्चिमेकडे तोंड करून उभें राहिलें, म्हणजे कुलाबा किल्ल्यापलीकडे समुद्राच्या बाजूस मृग नक्षत्र मावळतीला कललेलें दिसतें. त्यांतील दोन तारे सहज डोळ्यांत भरतात. उजवीकडे वर तांबूस दिसणारा तो काक्षी. आर्द्रा या नांवानेंही तो परिचित आहे. डावीकडे खालीं निळसर पांढरा तो राजन्य. दोघेही ठळक, परंतु एकास हें तेज ज्या वाटेनें लाभलें, तिच्या अगदीं उलट वाटेनें तें दुसऱ्यास लाभलें आहे.

प्रथम अंतराची बाब बाजूस ठेवावी. थळच्या किनाऱ्यावर शेजारीं उभ्या असलेल्या कोळ्याच्या हातांतील कंदील खांदेरीच्या दीपगृहाहून प्रखर भासेल. तेवढ्यावरून दीपगृह निस्तेज ठरत नाहीं. ताऱ्याचें अंगचें तेज जाणावयाचें तर अंतराचा हिशेब आधीं मिटविला पाहिजे.

तो मिटविल्यावर दोनच गोष्टी उरतात : ताऱ्याचा आकार व त्याच्या पृष्ठभागाचें उष्णतामान. लोहाराच्या भट्टींतील लोखंड प्रथम तांबडें, मग नारिंगी, मग पिवळें व अखेर पांढरें होतें. ताऱ्याचा रंगही असाच त्याची धग सांगतो. शेगडीभर निखारे खोलींत जेमतेम लाली पसरतात, आणि विजेच्या दिव्यांतील केसाएवढी तार सारी खोली उजळते. तार लहान, पण तिची धग फार मोठी. १८७९ सालीं स्टेफान या शास्त्रज्ञानें प्रयोगांच्या आंकड्यांवरून ह्याचा नियम काढला व १८८४ सालीं बोल्ट्झमाननें त्यास उपपत्ति दिली. व्यास दुप्पट झाल्यास तेज चौपट होतें. परंतु निरपेक्ष उष्णतामान दुप्पट झाल्यास तें सोळापट होतें.

आतां पुन्हां मृगाकडे वळूं. काक्षीचें उष्णतामान सुमारें ३५०० अंश केल्व्हिन, म्हणजे सूर्याहूनही कमी; राजन्याचें सुमारें १२०००. चौरस हातास चौरस हात लावून पाहिलें, तर राजन्याचा पृष्ठभाग काक्षीच्या शंभराहून अधिक पट तेज फेंकतो. परंतु काक्षीचा देह अवाढव्य आहे. १९२० सालीं अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत मायकेलसन व पीझ यांनीं त्याचा कोनीय व्यास मोजला. सूर्याखेरीज इतर ताऱ्याचें असें मापन प्रथमच होत होतें. सूर्याच्या जागीं काक्षी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटांत गडप होईल. राजन्याच्या सुमारें दहापट त्याचा व्यास, म्हणून पृष्ठभाग शंभरपट. एकाची धग व दुसऱ्याचा विस्तार जवळजवळ फिटंफाट होतात, आणि दोघेही सूर्याच्या सुमारें लाखपट तेज बाहेर टाकतात. काक्षीचें बरेंचसें तेज मात्र डोळ्यांस न दिसणाऱ्या उष्ण किरणांच्या रूपानें जातें.

नुसती धगही पुरत नाहीं. जवळच्या व्याधाला १८६२ सालीं एक सोबती सांपडला. तो व्याधाहून कितीतरी तप्त आहे. पण पृथ्वीएवढाच असल्यामुळें दृश्य प्रकाशांत व्याधाच्या सुमारें दहाहजारांश भरतो. बिचारा दुर्बिणीवांचून दिसत नाहीं !

ह्या हिशेबाची कसोटी २०१९ च्या अखेरीस लागली. काक्षी मंदावूं लागला व फेब्रुवारी २०२० मध्यें नेहमींच्या एकतृतीयांशाच्या आसपास उतरला. आतां हा तारा फुटणार, अशी हाकाटी जगभर झाली. शास्त्रज्ञांपुढें प्रश्न निराळा होता : तारा आक्रसला, निवला, की झांकला गेला ? उष्णतामान दहांत एक अंशानेंच उतरलें तरी एकूण तेज तिसऱ्या हिश्शानें घटतें; म्हणून निवल्याचा संशय अगदींच पोकळ नव्हता. परंतु रंगपटाच्या तपासणींत एवढी मोठी घट समजावी इतका तो थंड झालेला आढळेना. चिली देशांतील मोठ्या दुर्बिणींनीं घेतलेल्या चित्रांत त्याचा दक्षिण भागच काळवंडलेला दिसला. ताऱ्यानें बाहेर टाकलेला वायु थिजून त्याची धूळ झाली होती, व तिच्या जोडीस पृष्ठभागाचा एक भागही कांहींसा निवला होता, असा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. तोंवर काक्षी पूर्ववत् तळपूं लागून वर्ष उलटलें होतें.