आपली ती रीत, दुसऱ्याचे ते व्यसन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला बाहेरून कुणीतरी शिकलेल्या बाई बोलावयास येतात. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि ते लोढणे माझ्या गळ्यात आले. विषय दिला आहे 'आपल्या सवयी'. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात धाकटी भावंडे होती, म्हणून राहून गेले. तेव्हा बोलण्यात चुकले माकले तर पदरात घ्यावे.

सवयी म्हटल्या की आपल्याला आधी दुसऱ्याच्या आठवतात. मलाही तसेच झाले. मुलगा जेवताना मोबाईल सोडीत नाही, त्यावर मी अर्धा तास बोलू शकेन. ह्यांच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली की मी घर डोक्यावर घेत असे. "पोरे मोठी झाली, आता तरी लाज वाटू द्या," हे वाक्य आमच्या भिंतींनासुद्धा पाठ असेल. आणि एवढे बोलून झाले की मी मागल्या दारी जाऊन मिश्री लावून येत असे.

हसू नका. इथे बसलेल्यांपैकी कितीजणींच्या मोरीत, कोनाड्यात, तांदळाच्या डब्यामागे ती डबी आहे, हे मला ठाऊक आहे. मला कोणाचे नाव घ्यावयाचे नाही. मी माझेच सांगते.

बारा वर्षांची असताना माझी दाढ दुखत होती. आजीने बोटावर चिमूटभर मिश्री घेऊन हिरडीला चोळली. डोके गरगरले, पण ठणका थांबला. दुसऱ्या दिवशी मीच मागितली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्याने गाळायची, हे काम मग माझ्याकडेच आले. त्या वासाने बाकीची मुले खोकत बाहेर पळत. मला तो वास आवडे. लग्न होऊन आले तर सासूबाईंचीही डबी होतीच. सासूसुनांचे दुसरे कशात जमले नाही, ह्यात मात्र जमले.

सकाळी लावल्याशिवाय पोट साफ व्हायचे नाही. दुपारी भांडी झाली की एकदा, संध्याकाळी चहानंतर एकदा, कुणी टाकून बोलले की आणखी एकदा. ह्याला मी कधी व्यसन म्हटले नाही. व्यसन पुरुषांचे. मी आपली दात घासत होते!

चार वर्षांमागे शाळेच्या हॉलमध्ये तपासणीचे शिबिर होते. डॉक्टरबाईंनी विचारले, "तंबाखू खाता?" मी ठसक्यात म्हटले, "छे!" "मिश्री लावता?" "हो, लावते." त्या म्हणाल्या, "अहो, मिश्री म्हणजे तंबाखूच." मग गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता तो त्यांनी आरशात मला दाखविला. मोठ्या दवाखान्यात जाऊन त्याचा तुकडा काढून तपासावयास दिला. निकाल यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस मी घरात कुणालाच काही सांगितले नाही. फक्त माझ्या थोरल्या जाऊबाईंना सांगितले. निकाल चांगला आला. कॅन्सर नव्हता. पण मिश्री सोडली नाही तर पुढे होऊ शकेल, असे स्पष्ट सांगितले.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली, ती मला अजून झोपू देत नाही. पोटुशी बाई तंबाखू खात असेल किंवा मिश्री लावीत असेल तर मूल कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. माझी थोरली मुलगी पावणेदोन किलोची जन्मली. तिला कापसात गुंडाळून वाढविली. तेव्हा घरात सगळे म्हणाले, सुनेने नीट खाल्ले नाही. ते मिश्रीनेच झाले असे मला कोणी छातीठोकपणे सांगितलेले नाही, आणि आता कोण सांगणार? परंतु मी त्या नऊ महिन्यांत नेहमीपेक्षा जास्तच लावीत होते, कारण त्याने मळमळ बसे.

दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने 1992 सालीच मनाई केली. आपल्या राज्यात गुटख्यावर 2012 साली बंदी आली. पण तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीवर कोण छापा घालणार?

सोडताना माझे हाल झाले. डोके ठणके, पोट साफ होईना, भाजीत मीठ दोनदा पडे, पोरांवर उगाच हात उगारी. दोनदा सोडली आणि दोनदा परत धरली. तिसऱ्या वेळी जाऊबाईंनी डबी मागून घेतली आणि तुळशीपलीकडे मातीत पालथी केली. मला तलफ आली की त्या न बोलता हातावर बडीशेप नाहीतर सुकवलेला आवळा ठेवीत. रात्री मला झोप येत नसे तेव्हा ओट्याशी बसून माझ्याबरोबर लसूण सोलीत. ह्याला तीन वर्षे झाली. कुणाला सोडावयाची असेल तर तंबाखू सोडविण्यासाठी सरकारचा एक फुकट फोन आहे, 1800-11-2356. आणि लाज वाटत असेल तर माझ्याकडे या, आवळा घरचाच आहे.

टीव्हीबद्दलही बोला असे चिटणीसबाईंनी सांगितले आहे. मालिका मीही पाहते. त्यातली सासू पहाटे उठते तीच मुळी नथ घालून, आणि एवढ्या मोठ्या घरात खरकटे भांडे म्हणून कधी दिसत नाही. 'होम मिनिस्टर' मात्र मला आवडे. 2004 पासून 2024 पर्यंत वीस वर्षे तो कार्यक्रम चालला. घरातल्या बाईला समोर बसवून तिला बोलते करीत, हे काही थोडे नव्हे. आमच्याकडे तो आला असता तर पैठणी मिळाली असती की नाही देव जाणे, पण मी आधी डबी लपविली असती!

असो. मला खरे बोलावयाचे आहे ते ह्यापुढे. माझी एक सवय सुटली तेव्हा दुसरी दिसू लागली, आणि ती एकट्या माझी नाही, आपल्या मंडळाची आहे.

माझे थोरले दीर 2021 साली करोनात गेले. तेव्हापासून आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू जाऊबाई करतात. गूळ किती वेळ ठेवायचा हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही, आणि आपण सगळ्याजणी ते लाडू वाखाणतो. पण त्या स्वतः हॉलमध्ये कधी आल्या नाहीत. कोणी त्यांना येऊ नका म्हटले नाही. कोणी या असेही म्हटले नाही. आपण ह्याला रीत म्हणतो.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. त्या गावाच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी तसे करावे असे परिपत्रक काढले. ते वाचून मी मान डोलावली आणि म्हटले, वा, छान झाले. पुढल्या संक्रांतीला माझ्याच घरी हळदीकुंकू होते. जाऊबाई स्वयंपाकघरात होत्या. मी त्यांना बाहेर बोलावणार होते. तेवढ्यात एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी गप्प बसले. ज्या बाईने माझ्यासाठी रात्री जागून लसूण सोलला, तिच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. पुढली दोन वर्षेही तशीच गेली.

गेल्या संक्रांतीला मी पाहुण्या बसण्याआधीच आत गेले आणि करंडा पुढे केला. त्या म्हणाल्या, "कुंकू नको गं. मला आता सवय राहिली नाही. वाण मात्र दे, मी बाहेर येऊन बसते." हात पदराला पुसून त्या बाहेर आल्या आणि सतरंजीवर मध्येच बसल्या. दोघीजणी वाण न घेता उठून गेल्या. त्यातल्या एक अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्या आज इथे बसल्या आहेत, आणि त्यांनी मला वाईट म्हटले तरी माझी तक्रार नाही. चार वर्षे मीही तेच करीत होते.

आता माझे एकच मागणे आहे. आपल्या पत्रिकेवर दर वर्षी 'सर्व सौभाग्यवती भगिनींनी अगत्य येण्याचे करावे' असे छापतो. येत्या वेळी चिटणीसबाईंनी त्यातला एक शब्द गाळून 'सर्व भगिनींनी' एवढेच छापावे. कुंकू ज्या घेतील त्या घेतील, न घेतील त्या न घेतील. वाण सगळ्यांना द्यावे.

आणि हो, यंदा लाडू जाऊबाई करणार नाहीत. त्या पाहुण्या म्हणून येणार आहेत. तिळाचे निवडण्यापासून काम आहे, तेव्हा लाडवांना कोण कोण येणार त्यांनी जाण्यापूर्वी माझ्याकडे नावे द्यावीत.