एक रक्त, दोन जीव



सामाईक विहिरीचे पाणी पाळीने कसे घ्यावे, हे वारणाकाठच्या आपणांस आम्ही शिकवावयास नको. परंतु एकाच विहिरीवर दोन जीव पोसत असतील आणि पाणी एकापुरतेच असेल, तर पाळी कोणी लावावयाची?

2000 सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथे, माल्टाच्या गोझो बेटावरील एका जोडप्यास जोडलेल्या जुळ्या मुली झाल्या. एकीचे हृदय व फुप्फुसे निकामी. ती बहिणीच्या रक्तावर जगत होती. वेगळे करावे तर ती जाणार. न करावे तर काही महिन्यांत दोघीही. आईबाप श्रद्धाळू कॅथलिक. एकीला मारून दुसरीला वाचविणे त्यांना मान्य नव्हते. लंडनच्या अपील न्यायालयाने 22 सप्टेंबरला शस्त्रक्रियेस मुभा दिली. तिन्ही न्यायमूर्तींचा निकाल एक, कारणे मात्र तिघांची तीन! नोव्हेंबरात एक मुलगी गेली, एक वाचली.

मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डिसेंबर 2017 मध्ये अशी दोन मुले विलग केली गेली, तेव्हा दोघेही वाचले; तेथे कायद्यास तोंड उघडावे लागले नाही. पाटण्याच्या, डोक्याने जोडलेल्या दोन बहिणींचे प्रकरण मात्र सर्वोच्च न्यायालयात गेले. शस्त्रक्रियेत जिवाला धोका, घरच्यांचीही तयारी नाही. म्हणून न्यायालयाने ती करविली नाही, सरकारने दरमहा खर्च द्यावा असे सांगितले. आम्हांस तो निकाल शहाणपणाचा वाटतो.

पण मँचेस्टरचा पेच उद्या येथे आला तर? भारतीय न्याय संहितेचे कलम 27, म्हणजे जुन्या दंडविधानाचे 89, असे सांगते की बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा नव्हे. मात्र हेतुपुरस्सर मृत्यू घडविणाऱ्यास ही ढाल मिळत नाही. आणि हित कोणत्या मुलाचे? बाप तर दोघींचा! एकीसाठी केलेली त्याची सही दुसरीच्या मरणावरची सही ठरते. ती करण्यास नकार देणाऱ्या बापाला आम्ही अडाणी म्हणणार नाही. अशा वेळी संमतीचा कागद त्याच्यापुढे सरकवून डॉक्टरांनी मोकळे होऊ नये. प्रकरण न्यायालयात जावे, आणि दुर्बल लेकराच्या वतीने स्वतंत्र माणूस बोलावा. लंडनला त्या मुलीतर्फे वेगळा वकील उभा होता. तो हरला, पण तिला जगावयाचे आहे, हे तिच्या बाजूने कोणीतरी म्हटले होते.