मातींतील अदृश्य सोबती

कृष्णाकाठची काळी जमीन सुपीक म्हणून नांवाजलेली आहे. तरीहि तींतील पीक पुष्कळदां स्फुरदासाठीं उपाशी राहतें. सांगलीकडील चुनखडीच्या मातींत स्फुरद चुन्याशीं बांधला जातो. महाबळेश्वरकडील तांबड्या, जांभ्या मातींत तोच लोह व ॲल्युमिनियम यांच्याशीं जखडून बसतो. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत पूर्वीं हळद सांठवीत. तसें धन जमिनींत आहे, पण पेवाचें तोंड बंद, अशी ही स्थिति होय.

या बांधलेल्या सांठ्यांतून थोडाथोडा अंश पाण्यांत उतरतो. परंतु तो मातींत फारसा हलत नाहीं. मुळाभोंवतालचा एकदोन मिलिमीटरांतील अंश संपला, कीं मुळाचा हात पुढें पोंचत नाहीं. येथें एक सूक्ष्म बुरशी त्याच्या साहाय्यास येते. तिचे तंतु केसाहूनहि कितीतरी बारीक असतात. मूळ ज्या फटींत शिरूं शकत नाहीं, तेथें शिरून ते कांहीं सेंटिमीटर दूरचा स्फुरद व जस्त आणून देतात. मोबदल्यांत पीक बुरशीला पानांत तयार झालेली साखर व स्निग्ध द्रव्यें पुरवितें. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनीं १८८५ सालीं वनवृक्षांच्या मुळांवरील अशा सहवासास ‘मायकोरायझा’, म्हणजे ‘बुरशी-मूळ’, हें नांव दिलें.

तासगांवचें द्राक्ष, सांगलीची हळद, कृष्णाकाठचा ऊंस, माणदेशची ज्वारी व बाजरी या सर्वांच्या मुळांशीं ही बुरशी नांदते. मोहरी व कोबी यांच्या कुळांतील पिकें मात्र तिला सहसा थारा देत नाहींत.

ही सोबत आपोआप टिकत नाहीं. स्फुरदयुक्त खताचा अतिरेक झाला, कीं पीक बुरशीला साखर देण्यांत हात आखडतें. वारंवार नांगरटीनें तंतूंचें जाळें तुटतें. शेत फार काळ ओसाड राहिलें, तर जिवंत मुळाशिवाय तिला आधार उरत नाहीं. अतिपाण्यानें पाणथळ व खारवट झालेल्या नदीकांठच्या जमिनींतहि तिची वाढ खुंटते.

इंदूर येथें कंपोस्टची पद्धति बसविणारे सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९४० सालच्या आपल्या ग्रंथांत कुजलेलें खत व ही बुरशी यांच्या संबंधावर भर दिला होता. मात्र बुरशी स्फुरद निर्माण करीत नाहीं. असलेला मिळवून देते. म्हणून शेतकऱ्यानें प्रथम माती तपासून घ्यावी, खत बेतानें द्यावें, उसाचें पाचट न जाळतां मातींत कुजवावें आणि पाण्याचा निचरा राखावा. बुरशीचें संवर्धन विकत आणलें, तर तें लागणीच्या वेळीं मुळाजवळच पडेल असें द्यावें. सोबत्याचें घर राखलें, तरच सोबती राहतो.